इसराम डायवरची फांदी

राग धरावा तर इसराम डायवरने. तुमचाआमचा राग म्हणजे दुधाचा ऊत, जरा फुंकर घातली की खाली बसतो. माझ्या नणंदेने माझ्याशी दोन वर्षं अबोला धरला होता आणि आपण फार मोठं काही केलं असं तिला वाटायचं. मी तिला निरोप पाठवला होता की एकदा देवरीला ये, आमच्या अंगणासमोर एक माणूस बसतो त्याला बघ, मग राग कशाला म्हणतात ते कळेल. ती आली नाही. आता ती नणंदही नाही आणि तो माणूसही असेल-नसेल, म्हणून मीच लिहून ठेवते आहे.

ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माझे यजमान देवरीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या बिऱ्हाडाला एक विहीर होती, आणि विहिरीपलीकडे मोठं मैदान. चिचगडकडच्या जंगलातून लाकूड भरून गोंदियाच्या स्टेशनावर जाणाऱ्या लॉऱ्या त्या मैदानात थांबत. थांबत म्हणजे त्यांना थांबावंच लागे. पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि प्रत्येक लॉरीच्या कुशीला लोखंडी टाकी बसवली होती. तिच्यात लाकडी कोळसा जाळायचा आणि त्याच्या गॅसवर गाडी चालवायची. ती टाकी काही मैलांतच राखेने भरून जायची, मग गाडी खोकायला लागायची. चढावर तर ती अशी कण्हायची की उतरून ढकलावं असं बघणाऱ्यालाही वाटे.

लॉऱ्या आल्या की मैदानात संसार मांडला जायचा. आधी टाकीचं खालचं दार उघडून लोखंडी आकड्याने राख ओढायची. मग जाळीचं फडकं झटकायचं, वरून कोळशाचं पोतं रिकामं करायचं, आणि हाताच्या पंख्याने वारा घालून निखारे फुलवायचे. आगपेटी तेव्हा औषधालाही मिळत नसे, म्हणून मैदानात एक धुनी कायम पेटती ठेवलेली असे आणि ज्याची टाकी विझली तो तिथून निखारा नेई. एवढं झालं की डायवर लोक माझ्या विहिरीवर अंघोळीला येत. मडगार्डवर आरसा टेकवून दाढ्या होत. भाताला एकच मोठा गंज चढे, ज्याने त्याने मूठमूठ तांदूळ त्यात टाकायचा आणि जो पहिला आला त्याने रांधायचं. गॅसने सगळ्यांची डोकी चढलेली असायची, त्यावर उतारा म्हणून चिंचेचं पाणी प्यायचे आणि गाडीखाली पोतं टाकून घोरायचे. काळेकुट्ट, भुकेले आणि शिवराळ लोक. माझ्या रहाटाचा दोर त्यांनी वर्षात तीनदा तोडला. पण मला ते आवडायचे, हे मी यजमानांना कधी सांगितलं नाही.

इसराम त्यांच्यातलाच, पण निराळा कळायचा. उंच, वाळका, डोक्याला मळका पंचा. जातीने कोहळी. त्याच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या गावांची तळी बांधली होती आणि हा पहिलाच लॉरीवर चढलेला. त्याला शिव्या येत नसत. विहिरीवर येताना आधी दुरून खाकरायचा आणि म्हणायचा, "बाई, दोन बालट्या पानी घेऊन राहिलो जी." बाकीचे विचारत नसत. तो इतरांसारखा झोपायचाही नाही. पुढच्या चाकाला पाठ लावून, पाय पसरून, डोळे उघडे ठेवून बसायचा. त्याचा धाकटा भाऊ टेकराम त्याच्याच लॉरीवर जोडीचा डायवर होता. तो मात्र पडल्यापडल्या झोपायचा आणि झोपेत हसायचा. मग इसराम त्याच्या तोंडावरच्या माश्या पंच्याने हाकत बसे.

त्याचा राग कसा होता त्याचे दोन नमुने सांगते. मैदानाला कोळसा पुरवणारा एक दुकानदार होता. तो पोत्याच्या बुडाशी गोटे घालायचा. सगळे डायवर आरडाओरडा करायचे आणि पुन्हा त्याच्याचकडून घ्यायचे.  पोत्यातून निघालेला प्रत्येक गोटा इसराम धुऊन गाडीच्या सीटखाली ठेवत गेला. पावसाळा संपल्यावर एके सकाळी दुकानदार दार उघडतो तर दारात कंबरेएवढी भिंत. सुबक रचलेली, चिखल नीट भरलेला, वरून सपाट केलेली. तळ्याची पाळ बांधणाऱ्याचेच हात ते. दुकानदार आतून ओरडायला लागला तेव्हा इसराम शांतपणे म्हणाला, "हे गोटे तुमचेच आहेत सेठ. मी कायले ठेवू? वापस आनलो." सारा बाजार जमला होता. दुकानदाराला भिंतीवरून धोतर सावरत चढून बाहेर यावं लागलं. मी तर पदर तोंडात कोंबून हसले.

दुसरा नमुना साहेबाचा. जंगल खात्याचे कोणी साहेब घाईत होते, त्यांना इसरामच्या गाडीतून पुढे जायचं होतं. इसराम राख काढत होता. साहेब म्हणाले, राहू दे ते, निघ. इसरामने आकडा काही थांबवला नाही. "साहेब, इच्या पोटात राख भरली आहे. काढल्याबिगर हे हलत नाही. तुमाले घाई असन त पायी निंगा." साहेबांनी त्याला गाढव म्हटलं. इसराम हो म्हणाला. पण पुढे तेच साहेब जेव्हा जेव्हा त्याच्या गाडीत बसले तेव्हा तेव्हा त्याची राख काढायला दुप्पट वेळ लागला. साहेब उन्हात उभे आणि हा आकड्याने एकेक ढेपूळ बाहेर काढून न्याहाळतो आहे. शेवटी त्या साहेबांनी बैलगाडी ठरवली.

आता खरं सांगायचं ते सांगते.

या लोकांचा रस्त्यावरचा एक रिवाज होता. गाडी अडली, माणसाला काही झालं, तर रस्त्यात हिरवी फांदी आडवी टाकायची. ती दिसली की येणाऱ्याने थांबायचं, उतरायचं, हाक मारायची. फांदी कोणी चाकाखाली घालत नसे. ज्याने घातली त्याचं चाक त्याच्याच माणसावर जातं, असं ते मानत. मी अगदी दारुड्या डायवरलाही फांदीपुढे ब्रेक मारताना पाहिलं आहे.

त्या दिवशी इसराम आणि टेकराम मोठ्या रस्त्याच्या आत, जंगलवाटेवर लाकूड भरत होते. बाजाराचा दिवस, हमाल लवकर निघून गेलेले. शेवटचा ओंडका घरंगळला आणि टेकरामच्या मांडीवर बसला. एकट्याने तो हलेना. टाकी विझवलेली होती, गाडी लगेच सुरू व्हायची नव्हती. इसराम धावत मोठ्या रस्त्यावर गेला, सागाची फांदी तोडून आडवी टाकली आणि भावाजवळ परत येऊन पंच्याने मांडी आवळत बसला. थोड्या वेळाने लॉरीचा आवाज आला. लॉरी थांबली. इसराम ओरडू लागला. टाकीचं दार उघडल्याचा आवाज आला, राख ओढल्याचा आला. तो ओरडतच होता. मग दार लागलं आणि लॉरी निघून गेली.

तो पुन्हा रस्त्यावर आला तेव्हा फांदी आडवी नव्हती. ती उचलून, नीट, रस्त्याच्या कडेला झाडाशी टेकवून ठेवली होती. बाजूला गरम राखेचा गोल ढीग होता आणि ढिगाच्या मधोमध पानाची लाल पिंक.

राखेचा गोल ढीग करून त्यावर थुंकणारा डायवर मैदानात एकच होता, बिसेसर. गोंदियाच्या एका गिरणीवाल्याची लॉरी तेव्हा एकटाच चालवायचा. जाडा, हसरा, सदा पान चघळणारा. आणि त्या दिवशी बिसेसर आमच्या मैदानात आला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने विहिरीवर अंघोळीला एक बादली जास्त घेतली. भरपेट जेवला. गाडीखाली पोतं टाकून झोपला. त्याचं घोरणं मला ओसरीवर तांदूळ निवडताना ऐकू येत होतं.

इसरामने गाडीचा जॅक लावून आणि दोन्ही हातांनी ओंडक्याखालची माती उकरून भावाला बाहेर काढलं, टाकी पेटवली, पंखा फिरवला, आणि देवरीला पोचला तेव्हा ऊन कलत आलं होतं. गाडी दवाखान्यापुढे थांबली तशी सगळे डायवर धावले. बिसेसरही उठून धावला. टेकरामला उतरवायला त्याने पायाकडून हात दिला आणि म्हणाला, "अरे भगवान, कहाँ हुआ ये?" इसरामने त्याच्याकडे पाहिलं आणि भावाचे खांदे धरले.

टेकराम गेलेलाच होता. इसरामने माझ्या यजमानांना विचारलं, "कंपौंडरसाहेब, घंटाभर आंदी आनलो असतो त?" माझे यजमान सरळमार्गी. ते म्हणाले, "वाचला असता बहुतेक." मला त्यांचा इतका संताप आला म्हणून सांगू! माणसाने काही वेळा खोटं बोलावं. पण ते बोलले आणि ते वाक्य इसरामने पोटात ठेवलं.

तेरावं झाल्यावर तो मैदानात परत आला. सगळे गंजाभोवती जेवत होते. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जसं मी वर लिहिलं तसं, आणि बिसेसरला विचारलं, "तू फांदी पाह्यला का नाही?"

"कौन सी डाल? मैंने कोई डाल नहीं देखी," बिसेसर म्हणाला. "राख तो सब निकालते हैं. पान अकेला मैं खाता हूँ क्या?"

"एक डाव सगळ्यायच्या म्होरं सांग, पाह्यलो म्हून. मंग मी सोडतो."

"जो देखा नहीं वो कैसे बोल दूँ?"

लोकांना वाटलं आता मारामारी होणार. काहींनी आकडे बाजूला सारले. इसराम हात धुऊन विहिरीमागे गेला, माझ्या कुंपणालगतच्या सागाची एक हिरवी फांदी तोडली आणि बिसेसरच्या लॉरीच्या पुढच्या चाकांसमोर आडवी टाकली. मग आपल्या चाकाला पाठ लावून बसला. मैदानात कोणी घास उचलेना. बिसेसर हसला, निघायच्या वेळी खाली उतरला, फांदी उचलून बाजूला ठेवली आणि गेला. जेवढे तिथे होते तेवढ्यांनी त्याला फांदी उचलून बाजूला ठेवताना पाहिलं.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. बिसेसर आला, राख काढून, जेवून, झोपून उठला की गाडीपुढे फांदी. इसराम एक शब्द बोलत नसे. अंगाला हात लावत नसे. त्याला यायला उशीर झाला तर दुसरा कोणी डायवर फांदी टाके, कारण एव्हाना सारं मैदान इसरामच्या बाजूचं झालं होतं. बिसेसर आधी हसायचा, मग शिव्या द्यायला लागला. नव्या क्लीनरला म्हणायचा, जा हटा. क्लीनर म्हणायचा, "उस्ताद, आपण नाही हात लावत." चाकाखाली घालायची त्याची छाती नव्हती. त्याने जेवणाची वेळ बदलून पाहिली, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गाडी लावून पाहिली. एकदा न थांबताच पुढे निघाला, तर दोन मैलांवर टाकी राखेने कोंदली आणि त्याला धापा टाकत निखारा मागायला परत यावं लागलं. निखारा त्याला मिळाला, रिवाजच होता तो. निखारा घेऊन तो गाडीजवळ पोचला तर तिथेही फांदी पडलेली.

त्याची झोप गेली. गाडीखाली पोत्यावर पडायचा आणि या कुशीचा त्या कुशीला व्हायचा. पान सुटलं. गालफडं बसली. माझे यजमान एकदा इसरामला म्हणाले, "अरे, पुरे आता. माणूस अर्धा झाला." इसराम म्हणाला, "माझा भाऊ पुरा झाला जी." यजमान घरात येऊन मला म्हणाले, हे बरं नव्हे. मी म्हटलं, तुम्ही दवाखाना सांभाळा. कुंपणाजवळचा तो साग पार बोडका झाला होता आणि मी इसरामला सांगितलं होतं की मागच्या बाजूला आणखी एक आहे. क्षमा करावी, क्षमा मोठी, असं मी कीर्तनात पुष्कळ ऐकलं आहे. ज्यांनी ते घोरणं ऐकलं नाही त्यांनी खुशाल करावी.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी बिसेसर विहिरीवर आला. पाणी न काढता कठड्याला धरून उभा राहिला आणि एकदम मैदानाकडे तोंड करून ओरडला, "देखा था!" भाताच्या गंजापाशी बसलेले सगळे वळले. "देखा था, उतरा था, डाल मैंने हटाई. आवाज भी सुनी थी. नींद आ रही थी, भाई. रात भर की गाडी थी. सोचा, पीछे कोई और आता होगा, वो देख लेगा. मुझे देवरी पहुँचके सोना था. बस, सोना था."

तो रडत होता. डायवर खाली माना घालून बसले. रात्रभर गाडी चालवून झोपेने आंधळं होणं म्हणजे काय हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एक म्हातारा डायवर उठला, त्याने बिसेसरला हाताला धरून आणलं, गंजापाशी बसवलं आणि त्याच्यापुढे भाताची पत्रावळ ठेवली. सगळे इसरामकडे बघू लागले. इसराम उठला, हात धुतले, विहिरीमागे गेला आणि फांदी घेऊन आला.

"तू तो बोला था, बोल दूँगा तो छोड देगा," बिसेसर म्हणाला.

इसरामने फांदी टाकली, पानं सारखी केली. "म्या त सोडलो," तो म्हणाला. "टेकरामले इचारून घे."

 म्हातारा डायवर म्हणाला, "इसराम, हे काऊन करून राहिला गा आता?" इसराम म्हणाला, "हा त्या दिशी झोपला होता ना. मी कवापासून नाही झोपलो." त्या दिवसापासून बाकीच्यांनी फांदी टाकणं सोडलं. काही जण त्याच्याशी बोलेनासे झाले. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो आपला एकटा टाकत राहिला आणि बिसेसर उचलत राहिला.

मग लढाई संपली आणि पेट्रोल आलं. पहिली टाकी ज्या लॉरीवरून उतरली ती बिसेसरची. लॉऱ्यांना आता राख नव्हती, निखारा नको होता, वाटेत झोपायची गरज नव्हती. एकेक करून सगळ्या टाक्या भंगारात गेल्या आणि लॉऱ्या आमच्या मैदानावरून धुरळा उडवत सरळ गोंदियाला जाऊ लागल्या. बिसेसरची लॉरी जाताना मी पाहिली. पूर्वीसारखाच गाल फुगलेला, पान पुन्हा सुरू झालेलं. इसराम विहिरीजवळ उभा होता. लॉरी वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला. त्याच्या हातात फांदी होती, ती त्याने माझ्या गाईपुढे टाकली. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याने मालकाची नोकरी सोडली. कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. मैदानातली धुनी विझली आणि मला करमेनासं झालं.

वर्षभराने यजमानांची गोंदियाला बदली झाली. सामान बैलगाडीने पुढे पाठवून आम्ही सर्व्हिस मोटारीत बसलो. आमगावच्या वाटेवर जंगलनाका लागतो. लाकडाची प्रत्येक लॉरी तिथे थांबते, पेट्रोलवर चालो नाहीतर कशावरही. रस्त्यावर लाकडाची लांब आडवी बल्ली, एका टोकाला भाराचे दगड बांधलेले, म्हणजे नुसती दोरी सोडली की बल्ली आपोआप वर जाते. आमच्या मोटारीपुढे एक लॉरी उभी होती. मी डोकं बाहेर काढून पाहिलं. नाक्यावर खाकी सदरा घालून, झोपडीच्या मेढीला पाठ लावून, पाय पसरून इसराम बसला होता. डायवरच्या निम्म्या पगारावर त्याने ती नोकरी धरली होती, हे मला नंतर कळलं.

बल्लीचे दगड काढून बाजूला रचून ठेवले होते. लॉरीतून बिसेसर उतरला. त्याने बल्लीखाली खांदा घातला, दोन्ही हातांनी ती वर उचलली आणि तशीच धरून उभा राहिला. त्याच्या क्लीनरने लॉरी पुढे काढली. मग आमच्या मोटारवाल्याने विचार केला, चला, वाट मोकळी आहे, आणि तोही तिच्याखालून निघाला. आम्ही जाताना बिसेसरचे दंड थरथरत होते. इसरामने मला ओळखलं. उठून उभा राहिला, पंचा सारखा केला, नमस्कार केला आणि म्हणाला, "बरं आहे ना बाई?" मी हो म्हटलं.

मोटार पुढे गेली तसा बिसेसर बल्ली खाली ठेवू लागला. मागून इसरामचा आवाज आला, "धर. आनखी एक गाडी येऊन राहिली आहे."

मी मागे वळून पाहिलं. रस्ता वळणापर्यंत रिकामा होता.